विद्वत्परिषदांचे वृत्तलेखन आणि अभ्यासकाची नाममुद्रा

व्यापारात मालावरील छाप पाहून गिऱ्हाईक तो माल फारसा न पारखता घेते. ती छाप म्हणजे मागील अनुभवाने जमलेला विश्वास होय. अलीकडे व्यवसायमार्गदर्शनाच्या ग्रंथांतून ‘व्यक्तिगत ब्रँड’ हा शब्दप्रयोग रूढ झाला आहे. मनुष्यानेही आपल्या नावाची अशी छाप घडवावी, आणि त्यासाठी आपल्या व्यवसायाच्या परिषदांना उपस्थित राहून तेथील कामकाजाचे वृत्त तत्परतेने प्रसिद्ध करावे, असा उपदेश त्यांत आढळतो. विद्याक्षेत्रातील वाचकास हा शब्दप्रयोग काहीसा बाजारू वाटण्याचा संभव आहे. तथापि शब्द बाजूस ठेवून त्यामागील प्रश्न पाहिला, तर तो आपल्याकडे सव्वाशे वर्षांहून जुना असल्याचे दिसते. ज्याच्या नावावर अद्याप ग्रंथ नाही, ज्यास पद नाही, अशा अभ्यासकाचे नाव विद्वानांच्या मंडळीत विश्वासार्ह कसे ठरते? आणि परिषदेत जे बोलले जाते त्याची नोंद करण्याने ते तसे ठरू शकते काय? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार महाराष्ट्रातील काही उदाहरणांच्या आधारे करावयाचा आहे.

१. भांडारकरांचा व्हिएन्ना-वृत्तान्त

प्राच्यविद्यापंडितांची दुसरी आंतरराष्ट्रीय परिषद १८७४ साली लंडन येथे भरली. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांस तीत जाता आले नाही; त्यांनी नाशिकच्या लेण्यांतील शिलालेखांवरील निबंध पाठविला, आणि तो परिषदेच्या १८७६ साली निघालेल्या वृत्तान्त-खंडात छापला गेला. म्हणजे युरोपातील पंडितांस भांडारकरांचे नाव प्रथम परिचित होण्यात परिषदेच्या छापील वृत्ताचा वाटा होता. पुढे १८८५ साली ग्यॉटिंगेन विद्यापीठाने त्यांस सन्मान्य पदवी दिली, आणि १८८६ साली व्हिएन्ना येथे भरलेल्या सातव्या परिषदेस ते स्वतः उपस्थित राहिले. त्या वेळी ते डेक्कन कॉलेजात संस्कृतचे प्राध्यापक होते. तेथे त्यांनी रामानुजीय मत आणि भागवत अथवा पांचरात्र संप्रदाय यांविषयी निबंध वाचला. १९१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या वैष्णव व शैव संप्रदायांवरील ग्रंथात हाच विषय विस्ताराने आलेला आहे.

आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट यापुढील आहे. परत आल्यावर भांडारकरांनी या परिषदेच्या भेटीचा इंग्रजी वृत्तान्त लिहिला, व तो रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. परिषदेचा अधिकृत अहवाल असताना या वेगळ्या वृत्तान्ताचे प्रयोजन काय, असा प्रश्न सहज उद्भवतो. त्याचे उत्तर असे की अधिकृत अहवालात निबंध असतात. ते वाचणारे कोण, ते काम कसे करतात, कोणत्या प्रश्नाकडे त्यांचे लक्ष लागलेले आहे, हे त्यांत नसते. मुंबई-पुण्याच्या वाचकास हे सांगू शकणारा मनुष्य तेथे बसलेला आणि येथील विद्येतही मुरलेला असावा लागतो. भांडारकरांची कीर्ति या वृत्तान्ताने निर्माण झाली असे म्हणणे धाडसाचे होईल. ती त्यांच्या ग्रंथांनी आधीच झाली होती. परंतु दोन विद्वत्समाजांच्या मधला विश्वासू दुवा हे जे त्यांचे स्थान, ते अशा लेखनाने दृढ होते. ग्रंथ ज्ञान दाखवितो. वृत्तान्त न्यायबुद्धि दाखवितो. दुसऱ्याचे म्हणणे ज्यास नीट मांडता येते, त्याच्या स्वतःच्या म्हणण्यावर वाचक अधिक भरवसा ठेवतो.

यानंतर तेहतीस वर्षांनी, नोव्हेंबर १९१९ मध्ये, अखिल भारतीय प्राच्यविद्या परिषदेचे पहिले अधिवेशन पुण्यास भांडारकरांच्याच नावाने स्थापन झालेल्या संस्थेत भरले, आणि त्याचे अध्यक्षपदही त्यांच्याकडेच होते. त्या अधिवेशनाच्या वृत्तान्ताचा पहिला खंड १९२० साली व दुसरा १९२२ साली निघाला. हा विलंब त्या काळच्या मानाने मुळीच मोठा नव्हे, व आजही तो नवलाचा नाही. सभा आणि तिचे छापील वृत्त यांमधील हीच पोकळी तत्पर वृत्तलेखकाचे कार्यक्षेत्र होय.

२. भारत इतिहास संशोधक मंडळ आणि जेधे शकावली

महाराष्ट्रात वृत्तलेखनाला संशोधनाचे साधन बनविण्याचा मान मुख्यतः भारत इतिहास संशोधक मंडळाकडे जातो. वि. का. राजवाडे व खंडेराव मेहेंदळे यांनी हे मंडळ १९१० साली पुण्यास स्थापिले. मंडळाच्या सभांतून टिपणे वाचावयाची, त्यांवर चर्चा व्हावयाची, आणि ती वार्षिक इतिवृत्ते व संमेलनवृत्ते यांतून छापली जावयाची, अशी तेथील रीत होती. या रीतीत एक गोष्ट विशेष होती. टिपण वाचण्यास पदवी किंवा अध्यापकपद ही पूर्वअट नव्हती. स्वतः राजवाडे कोणत्याही विद्यापीठात अध्यापक नव्हते. एखादा कागद, एखादा शिक्का, एखाद्या ताम्रपटाचा ठसा घेऊन येणारा मनुष्य सभेत उभा राहू शके, आणि इतिवृत्तात त्याचे नाव छापले जाई. एकदा छापले गेलेले नाव पुढच्या सभेत ओळखीचे असे. पुढच्या पिढीत ग. ह. खरे यांच्यासारखे विद्वान याच मंडळाच्या आश्रयाने घडले, आणि ‘संशोधकाचा मित्र’ हे त्यांचे पुस्तक नवोदितांस उपयोगी पडले. १९३५ साली भारतीय इतिहास परिषदेचे पहिले अधिवेशन पुण्यात याच मंडळाच्या पुढाकाराने भरले, यावरून या परंपरेचा विस्तार ध्यानात येईल.

संमेलनवृत्ताचे सामर्थ्य किती, हे दाखविणारे सर्वांत बोलके उदाहरण भोर तालुक्यातील आहे. पुण्याहून सातारा मार्गाने दक्षिणेस निघाले असता वरवे बुद्रुक, कापूरहोळ ही भोर तालुक्यातील गावे लागतात. त्याच तालुक्यात आत डोंगराकडे कारी हे गाव आहे. शिवाजीमहाराजांच्या आरंभकाळापासून त्यांच्या बाजूने उभे राहिलेले कान्होजी जेधे यांचे हे घराणे. या घराण्याच्या दप्तरात इ. स. १६१८ पासून १६९७ पर्यंतच्या घटनांची कालक्रमाने नोंद असलेली एक शकावली होती. दयाजीराव सर्जेराव जेधे देशमुख यांनी ती लोकमान्य टिळकांस दिली, आणि टिळकांनी ती १९१६ साली मंडळाच्या ‘चतुर्थ संमेलन वृत्ता’त प्रसिद्ध केली.

या शकावलीत शिवजन्माची तिथि फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ अशी आहे. तोपर्यंत सामान्यतः प्रचलित असलेली तिथि वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९ ही होती. सुमारे तीन वर्षांचा हा फरक एका संमेलनवृत्तातील काही पृष्ठांनी विद्वानांपुढे आणला. त्यावर मोठा वाद झाला. स. म. दिवेकर यांनी उजेडात आणलेले व १९२७ साली प्रसिद्ध झालेले परमानंदाचे ‘शिवभारत’, तसेच जोधपूर येथे मिळालेली जन्मकुंडली, या पुराव्यांनी शकावलीतील तिथीस बळकटी आली. आज महाराष्ट्र शासन मानते ती १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख याच तिथीची होय.

आता या घटनेत नाव कोणाचे झाले, हे पाहणे उद्‌बोधक आहे. टिळकांस १९१६ साली नव्या कीर्तीची गरज नव्हती. उलट त्यांच्या नावामुळे शकावलीकडे लक्ष वेधले जाणे स्वाभाविक होते. पण साधनास कायमचे चिकटलेले नाव मात्र टिळकांचे नसून जेध्यांचे आहे. आज कोणत्याही विद्यार्थ्यास ‘जेधे शकावली’ एवढे सांगितले की पुरे होते. साधन कोठून आले हे वृत्तात स्पष्ट राहिले, म्हणूनच कारीच्या घराण्याचे नाव शिवकालाच्या प्रत्येक संदर्भसूचीत गेले. नाममुद्रा म्हणून ज्याचा आज गवगवा होतो, तिचा याहून टिकाऊ नमुना सापडणे कठीण. आणि ती घडविण्याची खटपट कोणी केलेली नव्हती. ती प्रामाणिक नोंदीतून आपोआप घडली.

३. वृत्ताने नाव का होते

हे कसे घडते याची कारणे शोधू गेल्यास तीन दिसतात.

पहिले कारण मध्यस्थतेचे. लंडनच्या रॉयल सोसायटीचे सचिव हेन्री ओल्डेनबर्ग हे स्वतः मोठे शोधक नव्हते. परंतु देशोदेशीच्या विद्वानांची पत्रे घेणे, त्यांचा सारांश काढणे व तो इतरांस पोहोचविणे हे काम त्यांनी केले, आणि १६६५ साली ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’ हे नियतकालिक सुरू केले. विज्ञानाच्या इतिहासात त्यांचे नाव राहिले ते या कार्यामुळे. ज्याच्याकडे बातमी सर्वांत आधी व सर्वांत शुद्ध स्वरूपात मिळते, त्याच्याकडे लोक वळतात.

दुसरे कारण लहान समूहांचे. डेरेक प्राइस यांनी १९६३ सालच्या आपल्या ग्रंथात दाखविले की विज्ञानाची आघाडी प्रत्यक्षात थोड्या लोकांच्या ‘अदृश्य विद्यापीठां’त चालते, हे लोक एकमेकांस परिषदांतून भेटतात व छापण्यापूर्वीच एकमेकांचे लेख वाचतात. बाहेरच्या विद्यार्थ्यास या वर्तुळाचे दार बंद असते. चांगले वृत्त हे त्या दाराची फट होय. ते वाचणाऱ्यास आतले दिसते, आणि लिहिणाऱ्यास आतल्यांकडून विचारणा होते. कारण ज्या वक्त्याचे म्हणणे वृत्तात नीट उतरले आहे, तो वक्ता ते वृत्त वाचतोच.

तिसरे कारण काहीसे कटू आहे. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९६८ साली असे मांडले की श्रेय हे ज्याचे नाव आधीच मोठे आहे त्याच्याकडे अधिक वाहते. एकच शोध दोघांनी लावला तर प्रसिद्ध मनुष्याचे नाव राहते व अप्रसिद्धाचे पुसले जाते. परिषदेत हे डोळ्यांनी दिसते. अध्यक्षांचे भाषण सर्वांच्या लक्षात राहते. दुपारच्या शेवटच्या सत्रात एखाद्या विद्यार्थिनीने मांडलेला नवा पुरावा विसरला जातो. वृत्तलेखक या प्रवाहास जोर देऊ शकतो किंवा तो थोडा वळवू शकतो. त्याच्या हातातील खरी सत्ता ही आहे, आणि त्याची खरी जबाबदारीही हीच.

४. ज्यांची नोंद होत नाही ते

या जबाबदारीचा विचार करताना १८८५ सालचे उदाहरण दृष्टीआड करून चालणार नाही. मराठी ग्रंथकारांची पहिली सभा १८७८ साली न्यायमूर्ति रानडे व लोकहितवादी यांच्या पुढाकाराने पुण्यात भरली, आणि दुसरी १८८५ साली. या दुसऱ्या सभेचे निमंत्रण रानडे यांनी जोतीराव फुले यांस दिले असता त्यांनी ते नाकारले. आपल्या नकाराची कारणे त्यांनी पत्राने कळविली, आणि ते पत्र त्याच वर्षी ‘ज्ञानोदय’ पत्रात प्रसिद्ध झाले. जे ग्रंथकार शूद्रातिशूद्रांचे मनुष्य म्हणून असलेले हक्क आचरणात मान्य करीत नाहीत, त्यांच्या सभांशी व ग्रंथांशी आपले जुळणे शक्य नाही, असा त्या पत्राचा आशय होता.

त्या सभेत कोणते ठराव झाले हे आज तज्ज्ञांवाचून क्वचितच कोणास सांगता येईल. परंतु जोतीरावांचे पत्र मराठी साहित्याच्या इतिहासाचा विद्यार्थी जाणतो. सभेत न गेलेल्या मनुष्याचे वृत्त सभेहून अधिक टिकले. यातून वृत्तलेखकाने घ्यावयाचा बोध दुहेरी आहे. सभागृहात जे आहेत त्यांच्याइतकाच जे नाहीत त्यांचाही विचार वृत्तात असला पाहिजे. आणि वृत्ताचे मोल लेखकाच्या उपस्थितीवर ठरत नसून त्याने कोणता खरा प्रश्न टिपला यावर ठरते. मावळातील दप्तरांवर निबंध वाचला जातो. ते दप्तर जपणारे घर, मोडी वाचून देणारा वृद्ध कारकून, वाट दाखविणारा गावकरी यांची नावे निबंधात नसतात आणि वृत्तात तर नसतातच. कारीच्या जेध्यांचे नाव राहिले; अशी कित्येक घराणी असतील की ज्यांचे कागद छापले गेले आणि नाव मात्र संग्राहकाचे झाले.

५. वृत्तलेखनाची शिस्त

एवढ्यावरून वृत्तलेखनाचे काही नियम काढता येतात.

पहिला नियम असा की ऐकलेले, पडताळलेले आणि स्वतःचे, या तीन गोष्टी वाक्यरचनेतच वेगळ्या दिसल्या पाहिजेत. ‘वक्त्यांनी असे म्हटले’, ‘मूळ कागदात असे आहे’ आणि ‘आम्हांस असे वाटते’ ही तीन वाक्ये एकमेकांत मिसळली की वृत्ताची विश्वासार्हता संपते. स्वतःचे मत लिहू नये असे नव्हे. ते मत म्हणून ओळखू यावे.

दुसरा नियम नावे व तारखा यांचा. वरवे बुद्रुक हेच गाव घ्या. त्याच्या जोडीस वरवे खुर्द आहे. बुद्रुक व खुर्द हे शब्द फारसीतून आलेले असून त्यांचे अर्थ अनुक्रमे थोरला व धाकटा असे आहेत. महसुली कागदांत ती दोन स्वतंत्र गावे होत. वक्ता बोलण्याच्या ओघात नुसते ‘वरवे’ म्हणतो, श्रोतेही समजून घेतात. परंतु वृत्तात नुसते ‘वरवे’ छापले गेले, तर वीस वर्षांनी ते वाचून एखादा अभ्यासक भलत्याच गावच्या दप्तरात इनामाची नोंद शोधीत बसेल, आणि ती न सापडल्यामुळे वक्त्याचाच निष्कर्ष चूक ठरवील. तारखांचेही तसेच. शिवजन्माची १९ फेब्रुवारी ही तारीख ज्युलियन गणनेची आहे. ग्रेगोरियन गणनेने तोच दिवस १ मार्च १६३० येतो. वृत्तात गणना सांगितली नाही तर दोन बरोबर विधाने परस्परविरोधी दिसू लागतात. शंका असल्यास सत्र संपल्यावर वक्त्यास विचारावे. बहुतेक वक्त्यांस असा प्रश्न आवडतो, आणि अनेक विद्यापरिचयांचा आरंभ अशाच प्रश्नाने होतो.

तिसरा नियम अनुमतीचा. पूर्वी वृत्त छापून येईपर्यंत काही महिने जात, व तेवढ्यात वक्त्याचा निबंधही सिद्ध होई. आता भाषण चालू असतानाच त्याचा सारांश जगाच्या दुसऱ्या टोकास वाचता येतो. २००९ साली अमेरिकेतील कोल्ड स्प्रिंग हार्बर प्रयोगशाळेच्या एका परिषदेतून उपस्थित शास्त्रज्ञांनीच असे तत्काळ वृत्त प्रसिद्ध केले. वृत्तपत्रांच्या प्रतिनिधींवर वक्त्याची अनुमती घेण्याचे बंधन होते, परंतु उपस्थित शास्त्रज्ञांवर ते नव्हते. ही विसंगति लक्षात येताच प्रयोगशाळेने तोच नियम सर्वांस लागू केला. ही गोष्ट केवळ शिष्टाचाराची नव्हे. अप्रकाशित शोध हे तरुण संशोधकाचे एकमेव भांडवल असते. ते वृत्तलेखकाने त्याच्याआधी प्रसिद्ध केले, तर नाव होते वृत्तलेखकाचे आणि नुकसान होते शोधकाचे. अप्रकाशित कागदाचा मजकूर, आकडे किंवा छायाचित्र संमतीवाचून देऊ नये. दिल्यास शोधकाचे नाव पहिल्या वाक्यात असावे.

चौथा नियम चर्चेचा. निबंध पुढे छापला जातोच. निबंधानंतरचे प्रश्न व उत्तरे मात्र वृत्तलेखकाने न टिपल्यास कायमची नाहीशी होतात. कोणता आक्षेप आला, त्यास वक्त्याने काय उत्तर दिले, कोणता आक्षेप अनुत्तरित राहिला, एवढे जरी नीट लिहिले तरी ते वृत्त पुढील संशोधकास निबंधाइतकेच उपयोगी पडते. आक्षेपकाचे म्हणणे त्यास स्वतःस मान्य होईल अशा शब्दांत मांडले आहे काय, ही येथील कसोटी होय.

पाचवा नियम लेखकाने स्वतःस किती जागा द्यावी याचा. ‘अमुक पंडितांशी आमचा वार्तालाप झाला’ अशा वाक्यांनी भरलेले वृत्त पहिल्या वाचनात प्रभाव पाडते; दुसऱ्या वर्षी ते कोणी उघडीत नाही. वृत्तात लेखकाचे नाव एकदा, लेखाच्या अखेरीस असणे पुरेसे आहे.

६. समारोप

आतापर्यंतच्या विवेचनावरून व्यक्तिगत नाममुद्रेच्या उपदेशातील ग्राह्य भाग कोणता व त्याज्य कोणता, हे स्पष्ट व्हावे. परिषदांचे वृत्त नियमाने लिहिणाऱ्या अभ्यासकाचे नाव होते, हे खरे. परंतु ते होते याचे कारण त्याने स्वतःकडे लक्ष वेधले हे नसून, त्याच्या नोंदींवर विसंबून दुसऱ्यांस काम करता आले हे आहे. जेथे विसंबता येत नाही तेथे वारंवार छापलेले नाव हे केवळ परिचित असते, प्रतिष्ठित नव्हे. आणि हा फरक निवडसमितीस नसला तरी ग्रंथालयात बसलेल्या वाचकास लवकर कळतो.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांस या दृष्टीने एक सूचना करावीशी वाटते. पुढील चर्चासत्रास जाताना स्वतःचा निबंध असो वा नसो, कोणत्या तरी एका सत्राचे वृत्त लिहिण्याचे काम पत्करावे. सत्र एकच निवडावे, आणि शक्यतो ज्यात मोठी नावे नाहीत असे निवडावे. वृत्त आठवड्याच्या आत पुरे करावे, प्रसिद्धीपूर्वी संबंधित वक्त्यांस दाखवावे, त्यांच्या दुरुस्त्या मान्य असल्यास घ्याव्या व मान्य नसल्यास तसे नमूद करावे. विभागांनीही अशा वृत्तांस आपल्या पत्रिकांत नियमित स्थान द्यावे आणि लेखकाचे नाव त्यावर छापावे. भोर-वेल्ह्याच्या खोऱ्यांतून येणाऱ्या ज्या विद्यार्थ्यांच्या घरी किंवा शेजारी जुने कागद आहेत, त्यांना तर हे काम विशेष सोयीचे आहे. कारण सभेत जे वाचले गेले ते गावी सांगणे आणि गावी जे आहे ते सभेस कळविणे, ही दोन्ही कामे त्यांना करता येतील. कारीचा कागद पुण्याच्या संमेलनवृत्तात पोहोचला म्हणून शिवचरित्राची कालगणना बदलली. अशी किती टिपणे आज वाचली जाऊन हवेत विरत आहेत, याचा हिशेब ठेवणारा कोणी तरी प्रत्येक सभेत असला पाहिजे.